कंस

रोममध्ये ऑक्टोबर. सर्कस मॅक्सिमसच्या गवतावर
कुत्री फिरवणारी माणसं, आणि समोर
ती पांढरी इमारत, जिच्या तिसऱ्या मजल्यावर
एका स्वल्पविरामापायी काल पावणेदोन तास गेले.

मी काचेमागे. इंग्रजी कानात घ्यायची,
फ्रेंच तोंडातून सोडायची.
मधे माझं स्वतःचं काही उरत नाही;
उरलीच तर मराठी, तीही मनातल्या मनात
पाणी मागण्यापुरती.

शेवटच्या रांगेत थिओरो न्दोय.
जोआलच्या किनाऱ्यावर मासे भाजते, धुरावते, वाळवते;
बोटांची पेरं कायमची तांबूस-काळी.
तिच्या पाटीवर देशाचं नाव नाही. मत नाही.
देश बोलून झाले की घड्याळाकडे बघत
अध्यक्ष म्हणतात, आता नागरी समाज. दोन मिनिटं.

तिने सांगितलं: आमच्याकडे याबॉय नावाचा मासा असतो
(तारलीची कुणी चुलतबहीण असावी),
गरिबाच्या भातावर तेवढाच.
आता होड्या तो कारखान्याच्या दाराशी ओततात,
त्याचं पीठ होतं, पीठ जहाजात चढतं,
आणि कुठल्याशा थंड देशात
पिंजऱ्यातले मासे ते खातात.
"तुमच्या माशांचा जेवायचा हक्क
कुठल्या कलमात लिहिलाय, तेवढं दाखवा."
हे वाक्य इंग्रजीत नेताना
शेजारच्या बूथमधली ओर्ला क्षणभर अडखळली.
तांबडा दिवा. माइक मिटला.

मग पडद्यावर मसुदा, परिच्छेद एकोणीस.
जो शब्द कुणाला खुपतो
त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या भिंती.
[मासे टिकवणाऱ्या स्त्रिया] आत.
[माणसाच्या ताटाला अग्रक्रम] आत.
यथाशक्य बाहेर,
गावभर हिंडणाऱ्या वळूसारखा मोकळा.

या भिंतींना माझ्या भाषेत कंस म्हणतात.
लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतला तोही कंसच,
जन्माला येण्याआधीच कोठडी तयार ठेवणारा.
त्या गोष्टीत मध्यरात्री पहारेकऱ्यांचा डोळा लागतो,
कड्या आपोआप गळून पडतात.

नऊ वाजता नियमाप्रमाणे आमचे बूथ बंद.
बोलणी चालूच, फक्त इंग्रजीत.
थिओरोच्या कानात नुसती खरखर.
तिने यंत्र झटकलं, बटणं दाबून पाहिली,
मग मान वर करून काचेकडे बघितलं.
मी डबा पिशवीत भरत होते.

माझ्या करारात हे कुठे बसतं, मला ठाऊक नाही.
खाली उतरले, तिच्या मागच्या खुर्चीत बसले
आणि कानाशी कुजबुजू लागले, बिनपगारी.
तिच्या डोईच्या रुमालाला धुराचा वास होता,
भूक लागावी असा.

साडेबारा. कुणाची मान कलंडलेली,
कुणी टेबलाखाली बूट काढलेले.
पण इथल्या कड्या आपोआप गळत नाहीत.
थिओरोने पाटी उभी केली.
अध्यक्षांना दिसली नाही.
शेजारच्या किर्गिझ मेंढपाळाने, तोक्तोसूनने,
आपलीही उभी केली. त्याला कारण विचारलं नाही कुणी.
मग पराग्वेची बियाणंवाली. मग मागची पूर्ण रांग.
अखेर एका चिमुकल्या बेटदेशाचा प्रतिनिधी,
टाय सैल, आवाज बसलेला, म्हणाला,
"ते जे म्हणताहेत ते आमचंच समजा."

एक वाजून चाळीस मिनिटांनी
स्त्रियांभोवतीच्या दोन्ही भिंती पुसल्या गेल्या.
किती सोपं. एकच बटण, दोनदा.

"झालं?" थिओरोने विचारलं.
म्हटलं, तुम्ही आता वाक्यात आहात.
"आणि मासा?"
मी पडदा पुन्हा वाचला. यथाशक्य जागच्या जागी.
मासा पुढच्या वर्षी, म्हटलं.

ती हसली नाही. पिशवीतून कागदाची पुडी काढली,
सुका तुकडा मोडला, मोठा अर्धा मला दिला.
या सभागृहात खाण्यास मनाई आहे
असं सहा भाषांत लिहिलेल्या फलकाखाली
आम्ही दोघी चावत बसलो.